भांडण अजून चालू आहे तोवर

महाराष्ट्रातल्या पुष्कळ नवरा-बायकोंना विवाह समुपदेशक आयुष्यात पहिल्यांदा भेटतो तो कुटुंब न्यायालयात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायाधीशावर एक जबाबदारी टाकली: निवाड्याकडे वळण्याआधी समेटाची शक्यता आहे का ते पाहायचं, आणि असेल तर तसा प्रयत्न करायचा. त्यासाठी समुपदेशकांची तरतूदही त्याच कायद्यात आहे. १९८९ मध्ये पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालयं सुरू झाली. तारीख लागते, दोघांना एका खोलीत बोलावलं जातं, वकील बाहेर थांबतात, आणि बऱ्याच महिन्यांनी, काही वेळा वर्षांनी, ती दोघं एकमेकांसमोर बसतात. तिथे बोललेलं गोपनीय राहतं.

या सोयीत खोट नाही, पण ती फार उशिरा मिळते. तोवर अर्ज दाखल झालेला असतो. घटस्फोटाच्या अर्जात क्रूरता सिद्ध करायची तर दहा वर्षांच्या संसारातलं वाईट तेवढं वेचून, तारीखवार, शपथेवर लिहावं लागतं. समोरूनही उत्तरात तसंच येतं. स्त्रीधनाची यादी झालेली असते, पोटगीचा आकडा मांडलेला असतो, मुलं कोणाकडे राहणार यावरून दोन्हीकडचे आजी-आजोबा एकमेकांशी बोलेनासे झालेले असतात. आपल्याबद्दल लिहिलेली ती पानं वाचल्यावर ‘बसून नीट बोलू या का’ असं म्हणायला फार मोठं मन लागतं. काहींकडे ते असतं, आणि न्यायालयातले समुपदेशक आजही मोडत आलेले संसार सावरतात. पण त्यांच्या हाती येतं ते बहुतेकदा भांडण नसतं. भांडणातून निघालेला निर्णय असतो.

पुढच्या पानांचा विषय आहे त्याआधीचा काळ. दोघं एकाच घरात राहत असतात, चिडत असतात, रुसत असतात, काहीतरी बिनसलंय हे दोघांनाही कळत असतं, पण ते कोणाकडे न्यावं हे सुचत नसतं. समुपदेशनाचा सर्वांत जास्त उपयोग याच काळात होतो. ती वेळ ओळखायची कशी, हा या लेखनामागचा प्रश्न आहे.

लोक किती उशीर करतात? या क्षेत्रात एक आकडा वर्षानुवर्षं फिरत होता: अडचण सुरू झाल्यापासून समुपदेशकाकडे जाईपर्यंत सरासरी सहा वर्षं जातात. अमेरिकेतले विल्यम डोहर्टी आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरासरी निघाली २.६८ वर्षं. सहापेक्षा पुष्कळ कमी. तरी पावणेतीन वर्षं हा काही लहान काळ नाही. लग्नानंतर लगेच सुरू झालेला बेबनाव तेवढ्या काळात एका मुलाशी, एका गृहकर्जाशी आणि दोन्ही घरांतल्या मानापमानांशी गुंतून बसतो.

सर्वोच्च न्यायालयापुढे २०१७ मध्ये दिल्लीतल्या एका जोडप्याचं प्रकरण आलं. लग्न १९९४ चं, दोन मुलं, २००८ पासून दोघं वेगळी राहत होती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब नुसार संमतीने घटस्फोट घेतानाही अर्जानंतर फेरविचारासाठी सहा महिने थांबावं लागतं. समेटाची आशाच उरली नसेल तर ही मुदत माफ करता येते, असं न्यायालयाने या प्रकरणात ठरवलं. ते योग्यच झालं. नऊ वर्षं वेगळं राहिलेल्यांना आणखी सहा महिने ताटकळत ठेवून काय मिळणार? फेरविचाराला सवड द्यावी ही कायद्याची कल्पना चांगली आहे, पण कायदा ती सवड सगळ्यात शेवटी देतो. संसाराला ती खूप आधी लागते.

नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये असं आपल्याकडे म्हणतात, आणि प्रत्यक्षात तिसरा, चौथा, पाचवा असे सगळे पडतात. मुलगी माहेरी निघून आली की मामा, आत्याचे यजमान, लग्न जमवून देणारे मध्यस्थ अशी बैठक बसते. गावात तंटामुक्ती समिती असते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून घरगुती वादही तिच्यापुढे जातात. या माणसांचा जीव तुटतो, हे खरं. कित्येक घरं त्यांनी सावरली आहेत. पण बैठकीला बसलेला प्रत्येक जण कोणाचा तरी असतो. तिथे चूक कोणाची ते ठरतं, माफी मागितली जाते, ‘झालं गेलं विसरा’ म्हणून मुलीला नांदायला पाठवलं जातं. त्या दोघांना एकमेकांशी बोलता का येत नाही, या प्रश्नाला कोणी हातच घालत नाही. शिवाय शरीरसंबंधाबद्दल, लपवून काढलेल्या कर्जाबद्दल, मनात घर करून बसलेल्या भीतीबद्दल मामांसमोर कोण तोंड उघडणार? मग बैठकीत चर्चा होते ती मानपानाची, स्वयंपाकाची आणि सासूला उलटून बोलल्याची.

परक्या पण जाणत्या माणसाशी मोकळं बोलता यावं, ही गरज महाराष्ट्राला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. कामजीवनाबद्दलच्या शंका वाचक त्यांना पत्राने विचारत आणि कर्वे मासिकातून उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला; १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. घरात कोणाला विचारता न येणारा प्रश्न घेऊन माणसं एका मासिकाच्या संपादकाकडे जात होती, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती.

पुण्यात जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या तरुणीचा लग्नानंतर अवघ्या चार महिन्यांत मृत्यू झाला. खालच्या न्यायालयाने तिच्या पतीला दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये संशयाचा फायदा देऊन त्याला निर्दोष सोडलं. त्या खटल्यात तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं बारकाईने वाचली गेली. आपण सुखात नाही, हे तिने त्या पत्रांतून सांगितलं होतं. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंजुश्रीच्या मृत्यूनंतर ‘नारी समता मंच’ उभा केला, ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन भरवलं, आणि ते पाहायला आलेल्या बायका आपापल्या घरातलं सांगू लागल्या. त्यांचं ऐकून घ्यायला मंचाने ‘बोलते व्हा’ हे केंद्र सुरू केलं. विद्याताईंच्या पुढाकाराने पुढे पुरुषांसाठीही संवाद केंद्र निघालं. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने थेट पोलीस आयुक्तालयाच्या आवारात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. महाराष्ट्रातलं कौटुंबिक समुपदेशन अशा दुखऱ्या घटनांतून वाढलं आहे, म्हणूनच ‘समुपदेशन म्हणजे शेवटचा उपाय’ ही समजूतही इथे घट्ट रुजली असावी.

तर मग वेळ आली आहे हे ओळखायचं कसं?

भांडणं होतात, एवढ्यावरून तर नक्कीच नाही. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून वादाच्या विषयावर बोलायला लावलं आणि बोलताना त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. १९८६ मध्ये गॉटमन यांनी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात राहत्या घरासारखी सजवलेली प्रयोगशाळाच थाटली. काही वर्षांनी तीच जोडपी पुन्हा बोलावली, तेव्हा पुष्कळ जण त्याच विषयांवर वाद घालत होते. गॉटमन यांच्या हिशेबाने जोडप्यांतले ६९ टक्के वाद कधी मिटतच नाहीत, कारण ते स्वभावांच्या फरकातून येतात. एकाला पैसा राखायचा असतो, दुसऱ्याला तो माणसांवर खर्चायचा असतो. एकाला घर भरलेलं लागतं, दुसऱ्याला शांत. सुखी जोडप्यांचेही हे वाद मिटत नाहीत. त्यांना एवढंच जमतं, की वादाच्या भरातही समोरच्याचा मान राखायचा आणि मध्येच हसू आलं तर हसायचं.

बिघाड कळतो तो भांडणाच्या रीतीवरून. गॉटमन यांनी चार खुणा सांगितल्या: वागण्यावर न बोलता माणसावरच घसरणं, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि तोंडाला कुलूप लावून बसणं. यात तुच्छता सर्वांत घातक. ‘उशीर होणार होता तर फोन करायचा ना’ ही तक्रार झाली. ‘तुला घराची पडलेलीच नसते’ हे माणसावर घसरणं. ‘तुमच्या घरात शिस्त कोणाला होती, म्हणून तुला असणार’ ही तुच्छता. तिसरं वाक्य ऐकलेला माणूस उशिराबद्दल बोलतच नाही. तो आईवडिलांच्या बाजूने लढायला उभा राहतो. समोरच्याच्या बोलण्याची नक्कल करणं, नातेवाइकांत पगारावरून टोमणा मारणं, मुलांदेखत ‘तुझ्या आईला काय कळतंय’ म्हणणं, हे सगळं त्यातलंच. घटस्फोटाचं भाकीत अचूक करता येतं या गॉटमन यांच्या दाव्यावर इतर संशोधकांनी पुढे रास्त आक्षेप घेतले. तुच्छतेबद्दलचं त्यांचं निरीक्षण मात्र कुठल्याही घरात पडताळून पाहावं. जिथे ती रोजची झाली आहे, तिथे ‘होईल हळूहळू ठीक’ म्हणत थांबू नये.

दुसरी खूण आतून दिसत नाही, बाहेरच्याला लगेच दिसते. अँड्र्यू क्रिस्टेन्सन या मानसशास्त्रज्ञाने तिचा बराच अभ्यास केला: एक जण मागे लागतो, दुसरा मागे सरतो. ती विचारते, ‘काय झालंय?’ तो म्हणतो, ‘काही नाही.’ ती पुन्हा विचारते, आवाज चढतो. तो टीव्हीवरच्या बातम्या मोठ्या करतो. आठवडाभराने तो ऑफिसात मुद्दाम उशिरा थांबू लागतो, आणि ती त्याचा फोन तपासू लागते. तिला वाटतं, हा बोलत नाही म्हणून मागे लागावं लागतं. त्याला वाटतं, ही मागे लागते म्हणून गप्प बसावं लागतं. दोघंही आपापल्या जागी खरं सांगत असतात. (भूमिका उलट्याही असतात, मागे लागणारे नवरे आणि मुकी झालेल्या बायकाही पुष्कळ.) गप्प बसलेला माणूस निर्विकार दिसतो, पण गॉटमन यांच्या मोजणीत अशा क्षणी हृदयाचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेलेले असतात, आणि त्या अवस्थेत धड ऐकूही येत नाही. त्यांचा सल्ला साधा आहे: निदान वीस मिनिटं थांबा आणि मग बोला. घरच्या घरी हे जमलं तर उत्तमच. महिनोन्‌महिने जमत नसेल, तर दोघांच्या मधली ही फेरी थांबवायला तिसरं माणूस लागतं.

अबोला कोणत्या घरात नसतो? दोन दिवसांचा रुसवा हा संसाराचाच भाग आहे. पण अबोला आठवड्यांवर गेला आणि ‘बाबांना सांग, पान वाढलंय’, ‘आईला सांग, मी बाहेर जेवलोय’ असे निरोप मुलांच्या तोंडून जाऊ लागले, की गोष्ट फक्त दोघांची राहत नाही. सात-आठ वर्षांचं पोर दोघांचे चेहरे बघून निरोपातला कडवटपणा स्वतःच कमी करायला शिकतं. याहून स्पष्ट खूण दुसरी नसेल.

आणि जिथे भांडणच होत नाही, ते घर? बहुतेक जण त्याला सुखी घर म्हणतात. हप्ते वेळेवर जातात, मुलांच्या शाळेच्या सभेला दोघं हजर असतात, दिवाळीत जोडीने फोटो निघतो. मात्र बढती मिळाल्याची बातमी तो आधी मित्राला सांगतो, आणि छातीत गाठ लागल्याचं ती आधी मैत्रिणीला. मागच्या वर्षभरात घर, मुलं, पैसा सोडून दोघं कशाबद्दल बोलली, हे दोघांनाही आठवत नाही. अशी जोडपी समुपदेशकाकडे सर्वांत कमी जातात, कारण नेमकी तक्रार काय सांगायची हेच त्यांना कळत नाही. तक्रार सांगता आलीच पाहिजे असं नाही. ‘आम्ही एकमेकांना दुरावलोय’ एवढं वाक्य पहिल्या भेटीला पुरतं.

शरीरसंबंधाबद्दल तर आजही कर्व्यांच्या काळाइतकीच कुजबुज आहे. लग्नाला दोन-तीन वर्षं होऊनही संबंध आलेला नाही, आणि दोन्हीकडचे वडीलधारे ‘गोड बातमी कधी’ विचारत आहेत, अशी जोडपी डॉक्टरांना परिचित आहेत. अनेकदा मुलीला एकटीला वंध्यत्वाच्या तपासण्यांना पाठवलं जातं, आणि खरी अडचण काय हे ती तिथेही सांगू शकत नाही. वास्तविक यातली बरीच कारणं उपचारांनी बरी होणारी आहेत: भीतीमुळे योनीचे स्नायू आखडणं, मधुमेह, काही औषधांचे परिणाम, निव्वळ अज्ञान. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला, डॉ. विठ्ठल प्रभू यांचं ‘निरामय कामजीवन’ मराठी घरांत, बऱ्याचदा कपाटात लपवून का होईना, वाचलं गेलं. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी दोघांची वैद्यकीय तपासणी, आणि मग समुपदेशन. निम्मं दुखणं शरीराचं असलं तरी उरलेलं निम्मं एकमेकांबद्दल साचलेल्या रागाचं असतं.

काही वळणांवर तर आधीच सावध असावं. पहिलं मूल झाल्यावर जोडप्याचं समाधान घटतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. झोप नाही, एकांत नाही, आणि बाळंतपणासाठी माहेरी गेलेली बायको परत येते ती वेगळ्याच घरात. निवृत्ती हेही तसंच वळण. पस्तीस वर्षं दिवसभर घराबाहेर असलेला माणूस एका सकाळपासून स्वयंपाकघरात सूचना देऊ लागतो. परदेशी गेलेल्या मराठी जोडप्यांचा प्रश्न आणखी निराळा. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर गेलेल्या नवऱ्याबरोबर एच-४ व्हिसावर गेलेल्या इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षिका बायकोला २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती. त्या वर्षी काहींना ती मिळाली. पगार नाही, स्वतःची ओळख नाही, आई-मैत्रिणी सात समुद्रांपलीकडे, आणि बोलायला एकच माणूस, तोही रात्री आठला दमून येणारा. त्या माणसावर सगळ्या जगाची अपेक्षा येऊन पडते आणि तो ती पुरी करू शकत नाही. यात दोष कोणाचाच नसतो, पण मदत लागते.

आता एक गोष्ट वेगळी काढून, ठासून सांगायला हवी. मारहाण, धमक्या, जबरदस्ती, पैसे काढून घेणं, घरात कोंडणं हे ‘दोघांतले मतभेद’ नव्हेत, आणि तिथे दोघांना शेजारी बसवून केलेलं समुपदेशन घातक ठरू शकतं. संध्याकाळी पाचला समुपदेशकासमोर ती जे बोलेल, त्याची किंमत तिला रात्री घरी मोजावी लागेल. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. म्हणजे समुपदेशकाने हा प्रश्न प्रत्येक जोडप्याला, आणि दोघांना वेगवेगळं भेटून, विचारलाच पाहिजे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा. त्याखालच्या २००६ च्या नियमांनी समुपदेशनाची स्पष्ट चौकट घालून दिली आहे. हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणं हा तिथल्या समुपदेशनाचा उद्देश, आणि ‘तिने असं केलं म्हणून मी मारलं’ अशी सबब पुढे करायला मज्जावच. आधी सुरक्षितता, मग बाकी सगळं. व्यसनाचंही तसंच: दारू चालू असताना नात्यावर केलेली चर्चा दुसऱ्या दिवशी पुसली जाते. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसावर उपचार करतानाच त्याच्या पत्नीलाही बळ देण्याचं काम चालतं, ते याच जाणिवेने.

समुपदेशकाच्या खोलीत नेमकं काय होतं, याबद्दल भलतीच भीती असते. ‘मला काय वेड लागलंय?’ हा पुरुषांचा नेहमीचा प्रश्न. ‘तो त्याचीच बाजू घेईल’ ही बायकांची शंका. चांगला समुपदेशक बाजू घेत नाही आणि निवाडाही देत नाही. पहिल्या भेटीत तो दोघांना एकत्र ऐकतो, पुढे बहुधा एकेकट्याला. कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणती नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. भेट साधारण तासाभराची असते. भांडण तिथे पुन्हा मांडलं जातं, पण या वेळी कोणीतरी मध्येच थांबवून विचारतं, ‘त्या वाक्याने तुम्हाला काय वाटलं?’ घरी हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. आपल्याकडे कित्येकदा मुलाबरोबर आई किंवा मुलीबरोबर वडीलही खोलीत यायला निघतात. त्यांना आदराने बाहेर बसवणं हे समुपदेशकाचं पहिलं काम.

निवड मात्र डोळसपणे करायला हवी. भारतात विवाह समुपदेशनासाठी असा वेगळा परवाना नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, पण ‘विवाह समुपदेशक’ अशी पाटी कोणीही लावू शकतो. तेव्हा शिक्षण काय, जोडप्यांबरोबर काम करण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलं, हे बेधडक विचारावं. त्यात उद्धटपणा नाही. पहिल्याच भेटीत ‘बाईनेच थोडं जुळवून घ्यावं’ म्हणणारा आणि पहिल्याच भेटीत ‘सोडून द्या’ म्हणणारा, दोघेही टाळावेत. या शास्त्राच्या इतिहासातही ही खोट आहे. अमेरिकेत १९३० मध्ये लॉस एंजलिसला विवाह समुपदेशनाची संस्था काढणारे पॉल पोपेनो हे सुप्रजननवादी होते, मानसशास्त्राचं शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं, आणि १९५३ पासून ‘लेडीज होम जर्नल’मध्ये त्यांच्या संस्थेतल्या प्रकरणांवर चाललेल्या गाजलेल्या सदरात जुळवून घेण्याचा भार बहुधा बायकोवरच पडे. आज चांगलं प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक असं करत नाही, पण जुनी सवय भारतातल्या खोल्यांतूनही अधूनमधून डोकावते.

उपयोग होतो का? अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी लॉस एंजलिस आणि सिअ‍ॅटलमधल्या १३४ जोडप्यांवर उपचारांचा मोठा प्रयोग केला. ही जोडपी मुद्दाम दीर्घकाळ त्रासलेलीच निवडली होती. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा साधारण निम्म्या जोडप्यांच्या नात्यात ठळक सुधारणा टिकून होती, आणि सुमारे पाव जोडपी विभक्त झाली होती. आकडे प्रामाणिक आहेत. समुपदेशनाने प्रत्येक संसार वाचत नाही, आणि प्रत्येक संसार वाचलाच पाहिजे असंही नाही. एकाला राहायचं आहे आणि दुसऱ्याचा पाय बाहेर पडलेला आहे, अशा जोडप्यांसाठी डोहर्टी यांनी जास्तीत जास्त पाच भेटींची वेगळी पद्धत बसवली आहे. तिच्यात नातं दुरुस्त करायला घेत नाहीत. पुढे काय करायचं हे दोघांनी डोकं शांत ठेवून ठरवावं, एवढाच तिचा हेतू. वेगळं व्हायचंच ठरलं तर मुलांसमोर एकमेकांची धिंड न काढता वेगळं होता येणं, हेही समुपदेशनाचं यशच मानायला हवं.

खर्चाची अडचण खरी आहे. खासगी समुपदेशकाची फी अनेक घरांना दरमहा परवडत नाही, आणि तालुक्याच्या गावी तर समुपदेशकच मिळत नाही. पण सुरुवात करायला फी लागते असं नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. हिंसा होत असेल तर स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२. स्वयंसेवी संस्थांच्या केंद्रांत आणि पोलिसांबरोबर काम करणाऱ्या विशेष कक्षांत मदतीला पैसे पडत नाहीत. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारखी मनोआरोग्यासाठी झटणारी संस्था उभी आहे. इतर शहरांतही चौकशी केली तर विश्वासू माणसं सापडतात.

राहता राहिला सर्वांत अवघड प्रश्न: दुसरा यायला तयार नसेल तर? तर एकट्याने जावं. ‘तुझ्यामुळे जावं लागतंय’ असं म्हणून नव्हे, ‘मला यातून मार्ग काढायचाय, तूही ये’ असं एकदा सांगून. एकाच्या वागण्याची रीत बदलली तरी दोघांमधली ती जुनी फेरी तशीच चालू राहत नाही, आणि पहिल्या एक-दोन भेटींनंतर दुसराही आलेला अनेकदा दिसतो. ही पानं वाचताना ज्याला किंवा जिला आपलं घर आठवलं असेल, त्याने किंवा तिने पुढच्या दिवाळीची, मुलाच्या दहावीची किंवा सासरच्या कोणाच्या लग्नाची वाट न पाहता या आठवड्यातच पहिली वेळ ठरवावी.